ऑडिटच्या आधी छाती धडधडते : नजर बदलायची की काम?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. काही चुकलं असेल तर सांगा.

वय ३४, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी बघता. ग्राहक कंपनीचं ऑडिट आलं की आठवडाभर आधीपासून छाती धडधडते, तळहात गार पडतात, मीटिंगमध्ये आवाज कापतो. ‘ताण वाईट नसतो, ताण वाईट आहे हा विश्वास वाईट असतो’ असं सांगणारा एक व्हिडिओ तुम्ही बघितला आणि दोन महिने रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘ताण माझा मित्र आहे’ म्हणालात. धडधड होती तशीच राहिली. वर वडील म्हणतात, ‘आम्ही ऊस पिकवून तुम्हाला शिकवलं, आम्हाला कधी टेन्शन आलं नाही.’ तीन आठवड्यांनी पुन्हा ऑडिट आहे आणि तुम्ही विचारलंय, ‘माझी मानसिकताच कमकुवत आहे का?’

नाही. पण तेवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी कोल्हापुरात २३ वर्षं समुपदेशन करते आहे. एवढ्या वर्षांत एक सवय लागलीय : माणूस ज्यावर जास्त बोलतो ते ऐकायचं, आणि जे जाता जाता बोलून जातो त्याच्याखाली रेघ मारायची. तुम्ही धडधडीबद्दल दहा-बारा ओळी लिहिल्यात. मध्येच एक वाक्य आहे : ‘नाइट शिफ्टचे फोन येतच असतात, ते चालायचंच.’ मी रेघ तिथं मारली.

तुमच्याकडं दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींना तुम्ही ‘ताण’ हे एकच नाव दिलंय. ऑडिटच्या खोलीतली धडधड ही एक. तिच्याकडं बघायची नजर बदलली तर ती कामाला येते. रात्री दोनचा फोन ही दुसरी. तिथं नजर बदलून काही होत नाही, तिथं फोनचंच काहीतरी करावं लागतं. व्हिडिओनं सांगितलेलं औषध पहिलीचं होतं, आणि तेही तुम्ही जरा चुकीच्या पद्धतीनं घेतलंत.

पुढं जाण्याआधी, मला इथून न दिसणाऱ्या काही गोष्टी. धडधड फक्त ऑडिटच्या आसपास होते की रविवारी घरी निवांत बसल्यावरही? जिना चढताना छातीवर दाब येतो का, तो हाताकडं किंवा जबड्याकडं सरकतो का, दरदरून घाम फुटतो का? वजन विनाकारण उतरलंय का? यातल्या कशालाही ‘हो’ असेल तर मानसिकता बाजूला ठेवा आणि आधी फिजिशियनकडं जाऊन ईसीजी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्या. छातीतली कळ थांबतच नसेल तर ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठा. ‘टेन्शन’ म्हणून माझ्याकडं आलेल्या काहींचं दुखणं थायरॉइडचं निघालंय. त्यांना मी महिनाभर श्वास मोजायला लावलं असतं तर आम्हा दोघांचाही वेळ वाया गेला असता.

आणखी एक, तुम्ही लिहिलं नाही तरी मी विचारणारच : तंबाखू-सुपारीचा मावा खाता का? आपल्याकडं अवघड मीटिंगच्या आधी एक चहा आणि मावा ही ठरलेली तयारी असते. तंबाखूतलं निकोटीन स्वतःच हृदयाचे ठोके वाढवतं. मग त्या धडधडीत ऑडिट किती आणि पुडी किती, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

हे सगळं तपासून झालं असं धरून चालते.

ऑडिटरची गाडी गेटातून आत आल्याचा फोन येतो तेव्हा शरीरात काय होतं? मेंदू धोक्याची सूचना देतो, मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या छोट्या ग्रंथी काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन सोडतात. ठोके वाढतात, यकृतातली साखर रक्तात येते, रक्त कातडीकडून आणि पोटाकडून मोठ्या स्नायूंकडं वळतं. म्हणून तळहात गार आणि पोटात गोळा. तोंड सुकतं, कारण या घडीला पचन महत्त्वाचं नसतं. थोड्या वेळानं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. त्याची चढती पातळी साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिखरावर येते, आणि नंतर सगळं हळूहळू उतरायला लागतं. म्हणजे ऑडिटची ओपनिंग मीटिंग संपता संपता तुमचं शरीर उताराला लागलेलं असतं, फक्त तुमचं तिकडं लक्ष नसतं.

यात बिघाड काहीही नाही. ही यंत्रणा बरोबर चालू असल्याची लक्षणं आहेत.

माझे मामा पैलवान होते, गंगावेशीच्या तालमीतले. खासबागेच्या मैदानात कुस्ती असली की सकाळपासून ते आमच्या सोप्यात बसून एकामागून एक जांभया द्यायचे आणि दर दहा मिनिटांनी मोरीकडं जायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. हातावर पाणी घालताना मी त्यांचा तळवा धरला तर तो बर्फासारखा गार. मी विचारलं, ‘मामा, भ्यालास व्हय?’ मला वाटलं, चिडतील. म्हणाले, ‘भ्यालोय की. कुस्ती हाय म्हणून अंग कळवायलंय. ज्या दिवशी कळवणार न्हाई, त्या दिवशी मी आडवा.’ जांभया, लघवीला जाणं, गार हात, यातलं काहीही त्यांना थांबवायचं नव्हतं. आखाड्यात उतरल्यावर तांबडी माती तळव्यांना चोळली, शड्डू ठोकला आणि तेच गार हात जोडीदाराच्या मानेवर टाकले. ती कुस्ती ते हरले, तीही चितपट, हेही सांगून ठेवते. नजर चांगली असली म्हणून प्रत्येक कुस्ती जिंकता येते असं नाही.

मामांनी जे सोप्यात बसून सांगितलं ते मानसशास्त्रात बरंच नंतर माझ्या वाचनात आलं. रिचर्ड लाझरस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये मांडलेला विचार असा की प्रसंग समोर आला की मन दोन हिशेब करतं. यात माझं काय पणाला लागलंय? आणि हे पेलायला माझ्याकडं काय आहे? ताण प्रसंगात बसलेला नसतो, तो या दोन उत्तरांच्या फरकात असतो. पुढं जिम ब्लास्कोविच आणि जो टोमाका यांनी प्रयोगशाळेत हृदयाची मोजमापं घेतली. ‘माझ्याच्यानं जमेल’ असं वाटणाऱ्यांत आणि ‘आता मेलो’ असं वाटणाऱ्यांत हृदय दोन्हीकडं जोरातच धावतं. फरक रक्तवाहिन्यांत दिसतो : पहिल्यांच्या मोकळ्या होतात, दुसऱ्यांच्या आवळलेल्या राहतात. इंजिन दोघांचंही तापलेलं, पण एकाची गाडी गिअरमध्ये आहे आणि दुसऱ्याची हँडब्रेक ओढून.

आता तुमच्या व्हिडिओकडं येते. ‘ताण घातक आहे असं मानणारेच मरतात’ हे वाक्य बहुधा २०१२ च्या एका अभ्यासावरून आलेलं आहे. अमेरिकेत १९९८ साली सुमारे २९ हजार प्रौढांना विचारलं होतं, वर्षभरात ताण किती होता आणि त्याचा तुमच्या तब्येतीवर परिणाम झाला असं वाटतं का. पुढची आठ वर्षं कोण दगावलं त्याची नोंद बघितली. ज्यांना ताणही खूप होता आणि त्यानं तब्येतीवर खूप परिणाम होतोय असंही वाटत होतं, त्यांच्यात अकाली मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त आढळला. आकडा खरा आहे. पण त्यावरून ‘विश्वासानं माणूस मेला’ हे सिद्ध होत नाही. ज्याची तब्येत आधीच ढासळलीय तो ‘माझ्यावर परिणाम होतोय’ असं म्हणणारच, आणि बरोबरच म्हणत असेल. तुम्ही क्वालिटीतले आहात. दोन आलेख एकत्र वर गेले म्हणून एकाचं मूळ कारण दुसरं, असं तुमच्या रिपोर्टमध्ये लिहिलंत तर ग्राहक तो परत पाठवेल.

त्याहून जास्त भरवशाचं काम दुसरं आहे. आलिया क्रम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एका वित्तीय कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना छोट्या चित्रफिती दाखवल्या. काहींना ताणानं माणूस कसा खचतो ते, काहींना ताणात माणूस कसा उंचावतो ते. दोन्हीकडची माहिती खरीच होती, निवड वेगळी. दुसऱ्या गटानं नंतर सांगितलं की त्रास कमी झाला आणि काम थोडं बरं झालं. ‘सांगितलं’ हा शब्द लक्षात ठेवा. मोजमाप बरंचसं त्यांच्या स्वतःच्या सांगण्यावर होतं. जेरेमी जेमिसन यांच्या २०१० च्या प्रयोगात परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगितलं की धडधड झाली तर घाबरू नका, तिनं काम सुधारू शकतं. त्यांचे गणिताचे गुण न सांगितलेल्यांपेक्षा वर गेले. आणि अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं की भाषणाच्या किंवा गाण्याच्या आधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ म्हणणाऱ्यांचं काम सरस झालं. मला यात नवल वाटत नाही. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन निघालेला ट्रॅक्टर ऐन वेगात जागेवर थांबवायला जाल तर उलटेल. स्टेअरिंग मात्र वळवता येतं.

या परिणामांबद्दल एवढंच म्हणेन की ते खरे आहेत आणि बेताचे आहेत. एका वाक्यानं आयुष्य बदलतं असं सांगणाऱ्याला फी देऊ नका, मलाही नाही.

मग तुमचं आरशासमोरचं वाक्य का चाललं नाही? मुख्य कारण मला असं दिसतं की तुम्ही ‘ताण माझा मित्र आहे’ म्हणत होतात ते ताण जावा म्हणून. मित्र म्हणायचं आणि दर मिनिटाला बघायचं, गेला का? अजून आहे? तुम्हीच लिहिलंय की मनगटावरच्या घड्याळात ठोके बघत होतात, ९८, १०४, ११२. धडधड हाच धोका मानून तुम्ही तिच्यावर पहारा बसवलात, आणि पहारा बसला की धडधड वाढते. वाक्य नवं होतं, नजर जुनीच होती. दुसरं, वेळ चुकली. सकाळी सहा वाजता आरशासमोर छाती शांतच असते, तेव्हा तिला काय समजावणार? तिसरं, ‘मित्र’ हा शब्द तुम्हाला स्वतःलाच पटत नव्हता. न पटणारं वाक्य शंभरदा म्हटलं की मन शंभरदा ‘काहीतरीच’ म्हणतं.

माझ्याकडं येणाऱ्यांना मी वाक्य देत नाही, त्यांचं त्यांना शोधायला लावते. ते खरं असलं पाहिजे आणि ऐन वेळी, लक्षण सुरू असताना म्हणता आलं पाहिजे. तुमच्यासाठी नमुना असा होऊ शकेल : ‘हात गार पडले. रक्त स्नायूंकडं गेलंय. मार्चचं रिजेक्शन मीच निस्तरलंय आणि ते नीट मांडायचंय, म्हणून अंग तयार होतंय.’ यात ताणाची स्तुती कुठंही नाही. काय होतंय त्याचं नाव आहे आणि ते कशासाठी होतंय त्याची आठवण आहे. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. ज्याचं आपल्याला काही पडलेलं नसतं, त्यासाठी छाती धडधडत नाही.

आणि वाक्यावर थांबायचं नाही, त्या अंगाला लगेच काम द्यायचं. तुमच्या खोलीतला प्रसंग डोळ्यांसमोर आणा. ऑडिटर विचारतो, ‘ब्लो होलचं (ओतीव भागात हवेची पोकळी राहिल्यानं होणारं) रिजेक्शन मार्चमध्ये का वाढलं?’ तुमचा आवाज घशात अडकतो, आणि गप्प बसलो तर कमी पडतोय असं दिसेल म्हणून तुम्ही घाईघाईनं काहीतरी बोलता. त्याऐवजी उठा. ‘शीट दाखवतो’ म्हणा, फाइल उघडा, बोट त्या तारखेवर ठेवा आणि बोटाच्या गतीनं बोला : या दिवशी सँडचं मॉइश्चर वर गेलं, या दिवशी लक्षात आलं, इथं दुरुस्त केलं. उठणं, पान उलटणं, बोट ठेवणं, यात पेटलेल्या अंगाला वाट मिळते आणि आवाजाला दहा सेकंद. शक्य असेल तर म्हणा, ‘शॉपवरच जाऊन दाखवतो.’ चालताना बोलणाऱ्याचा आवाज फारसा कापत नाही. हे माझं निरीक्षण आहे, संशोधन नव्हे.

श्वासाचं विचाराल तर, चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, दोन-तीन मिनिटं. आत जाण्याआधी करा. पण धडधड शून्यावर आणायला करू नका, थोडी हाताखाली यावी एवढ्यासाठी करा. घड्याळ त्या दिवशी घरी ठेवा. आणि सराव ऑडिटला करायचा नसतो. सोमवारच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये एक प्रश्न मुद्दाम स्वतः विचारा, तेव्हा जी बारीक धडधड होईल तिच्यावर हे वाक्य वापरून बघा. मामा रोज पहाटे तालमीतल्या पोरांशी लढत करायचे, थेट खासबागेत जाऊन डाव शिकायचे नाहीत.

इथवर पहिली गोष्ट झाली. आता रात्री दोनचा फोन.

तुम्हाला धातूतला ‘स्ट्रेस’ माझ्यापेक्षा चांगला कळतो. शरीरासाठी हा शब्द रूढ केला तो हान्स सेली यांनी, १९३६ पासूनच्या त्यांच्या कामातून, आणि तो आला तुमच्याच इंजिनिअरिंगमधून. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, असमान थंड झालं की आत ताण अडकून राहतो. वरून दिसत नाही. मशीनिंगला घेतलं की मग वेडंवाकडं होतं. त्यावर तुम्ही काय करता? स्ट्रेस रिलिव्हिंगला भट्टीत घालून पाच-सहाशे अंशांपर्यंत तापवता आणि मग भट्टीतच सावकाश, तासन्‌तास थंड होऊ देता. पूर्वी लेथचे बेड महिनोन्‌महिने यार्डात उन्हापावसात नुसते ठेवून देत. कुणी त्या बेडसमोर उभं राहून ‘तू सरळ आहेस’ म्हणत नव्हतं. तापणं तुमच्या शरीरालाही चालतं. सावकाश थंड व्हायला वेळच न मिळणं त्याला चालत नाही. संध्याकाळी उतरायला लागलेलं रात्री दोनला पुन्हा चढवायचं, पहाटे पाचला परत, आणि हे आठवड्यातून तीन-चार रात्री. अशा शरीराला ऑडिटच्या दिवशी धडधड जास्त होणारच. तुमच्या धडधडीतला बराच भाग मानसिकतेचा नसून झोपेच्या थकबाकीचा आहे, अशी मला दाट शंका आहे.

शंका आणखी एका गोष्टीची आहे. स्वीडनमधल्या आणि अमेरिकेतल्या कामगारांची माहिती तपासून रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये एक साधी गोष्ट पुढं आणली : नुसतं काम जास्त असण्यानं माणूस तेवढा खचत नाही, जेवढा काम जास्त आणि निर्णयाचा अधिकार कमी असण्यानं खचतो. तुम्ही लिहिलंय की रिजेक्शनचा जाब तुम्हाला विचारतात, पण संशयास्पद लॉटचा डिस्पॅच थांबवायची सही तुमची नाही. हेच ते. जबाबदारी तुमची, चावी दुसऱ्याच्या खिशात. यावर मानसिकतेचा व्हिडिओ बघायला लावणं म्हणजे छत गळतंय तिथं छत्री वाटणं. हल्ली बऱ्याच कंपन्या ताणावर वर्कशॉप घेतात, मीही घ्यायला जाते, पैसेही घेते. पण शेवटी एक प्रश्न मी मालकांना विचारतेच : इथल्या कुणाच्या कामाची एक गोष्ट उद्यापासून बदलाल का? काही जण बदलतात. काही पुढच्या वर्षी मला बोलवत नाहीत.

याच धंद्यातला एक जण माझ्याकडं दोन वर्षांपूर्वी यायचा (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलते). त्याला मी दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली : फोन किती वाजता, कुणाचा, कशासाठी, आणि त्या फोनवर तू खरोखर काही निर्णय घेतलास का. २३ फोन झाले. खरा निर्णय लागला असे चार. बाकीचे सगळे ‘साहेब, व्हॅल्यू जरा वर आलीय, चालू ठेवू का?’ या जातीचे. शिफ्ट इनचार्ज भित्रे नव्हते. कुठपर्यंत चालू ठेवायचं आणि कुठं थांबायचं, हे कुणी त्यांना लिहूनच दिलं नव्हतं. त्यानं एका पानाचा तक्ता केला, प्रत्येक टेस्टची हद्द आणि हद्द ओलांडली तर काय करायचं. प्लँट हेडची सही घेऊन तो सँड लॅबच्या भिंतीवर लावला. फोन पूर्ण थांबले नाहीत, आठवड्याला दोनावर आले. ‘मला फार ताण येतो’ असं तो साहेबांना तीनदा बोलला होता, काही झालं नव्हतं. वही पुढं ठेवल्यावर दहा मिनिटांत झालं. कारखान्यात आकड्याला मान आहे, तुम्हाला सांगायला नको.

हा उपाय प्रत्येक ठिकाणी चालतो असं नाही. तुमचे साहेब कसे आहेत, घराचा हप्ता किती आहे, दुसरी नोकरी जवळपास मिळण्यासारखी आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. काही जागा खरंच सोडण्यासारख्या असतात आणि काही माणसांना ती सोडणं परवडत नाही. ते मी इथून ठरवू शकत नाही.

या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला मी पुस्तकातून शिकले नाही, एका बाईंनी शिकवलं. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर. आपल्याकडं पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी घराघरांत तासातासाला बघतात : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मी एका निवारा केंद्रात जात होते. नदीकाठच्या गावातल्या एक काकू सतरंजीवर भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि मला त्या वेळी जे येत होतं ते बोलले : जीव वाचला हे बघा, यातूनही उभं राहता येतं, विचार थोडा बदलून बघा. त्यांनी मान वळवून माझ्याकडं नीट बघितलं. ‘बाई, म्हसरं दाव्याला बांधलेली व्हती. माझा इचार बदलला तर ती येणार हायत व्हय?’

मला उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पंचनामा कुठं होतो, कागद कोणते लागतात, मेलेल्या जनावरांची नोंद कोण करतं, हे विचारून त्यांच्याकडं गेले. त्या दिवशी त्या माझ्याशी तासभर बोलल्या. म्हशींची नावं सांगितली.

३९ फुटांच्या इशाऱ्याला सामान माळ्यावर चढवणारा माणूस शहाणा, आणि इशारा ऐकूनच हातपाय गाळणाऱ्याला नजर बदलायला नक्की मदत करता येते. पाणी उंबऱ्यात आल्यावर मात्र नाव लागते.

वडिलांबद्दल. त्यांचं बोलणं तुम्हाला लागलंय, ते ओळीओळीत दिसतं. त्यांना खोटं पाडायला जाऊ नका, पण एक आठवून बघा. जानेवारी-फेब्रुवारीत तोडणीची पाळी लांबली, ऊस फडात वाळायला लागला, तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयच्या मागं रोज खेटे सुरू झाले, त्या दिवसांत घरात वडिलांशी बोलायची कुणाची टाप होती का? ताटावरून उठून जाणं, अंगणात रात्री अकरापर्यंत फेऱ्या, उगीच बैलावर ओरडणं? त्या पिढीकडं त्याला ‘टेन्शन’ हा शब्द नव्हता, ‘डोकं फिरलंय’ एवढाच होता. फरक एक होता. उसाच्या बिलाची पहिली उचल जमा झाली की त्यांचं डोकं ताळ्यावर यायचं, महिनाभर तरी. त्यांच्या ताणाला हंगाम होता. तुमच्या फोनला हंगाम नाही. हे त्यांना एकदा असंच सांगून बघा, शेतीच्या भाषेत. ‘बाबा, तुमचा गळीत हंगाम संपायचा, माझा संपतच नाही.’ माझा अनुभव आहे, बापमंडळी एवढ्यावर बरंच समजतात. बोलून दाखवणार नाहीत.

कुठं थांबायचं तेही सांगते. धडधड अचानक, काही कारण नसताना येऊ लागली आणि ‘आता मरतो’ असं वाटून तुम्ही जागा टाळायला लागलात, तर तो पॅनिकचा प्रकार असू शकतो. त्याच्यावर चांगले उपचार आहेत आणि ते वरच्या सल्ल्यापेक्षा वेगळे आहेत. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, कशातच रस उरला नाही, संध्याकाळी पिल्याशिवाय डोकं थांबत नाही असं झालं, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जगणं नको असे विचार यायला लागले तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

तुमच्याकडं तीन आठवडे आहेत. पहिले दोन आठवडे फोनची फक्त वही ठेवा, फोनचं बाकी काही बदलू नका. त्यातून जे दिसेल ते घेऊन प्लँट हेडना ऑडिटच्या आधीच भेटा. नंतर ‘आता कशाला’ म्हणतील. निदान ऑडिटच्या आधीच्या दोन रात्री फोन दुसऱ्या कुणाकडं वळवून मागा, त्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही, कारण ऑडिट त्यांचंही आहे. सोमवारच्या दोन मीटिंगांत तुमचं वाक्य वापरून बघा आणि खोटं वाटलं तर बदला. आवाज कापला तर कापू दे. बोट शीटवर राहिलं म्हणजे झालं.

ऑडिट झाल्यावर मला लिहाल तर धडधड किती होती ते कळवू नका. आदल्या रात्री किती वाजता झोपलात, वहीत किती फोन निघाले आणि डिस्पॅचच्या सहीचा विषय तुम्ही काढलात का, एवढं कळवा. आणि मावा खात असाल तर त्या दिवशीची पुडी गेटवरच्या वॉचमनकडं देऊन आत जा.